अकराची ओहोटी

आमच्या शेवटच्या भेटीच्या दिवशी आईने बाजारातून तिसऱ्या विकत आणल्या होत्या. चाळीस वर्षं खडपावर, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर, कालवं काढून विकणारी बाई दुसरीच्या टोपलीतल्या शिंपल्या घरी आणते, ही साधी गोष्ट नव्हती. मी फक्त 'छान झालंय' म्हटलं आणि आणखी भात घेतला.

कार्तिकातली चतुर्दशी होती, रविवार. मी रत्नागिरीहून एका दिवसासाठी गावी, वेळण्याला, आले होते. जेवणं झाल्यावर आई मागीलदारी बसून कोयतीला धार लावत होती. माडांच्या पलीकडे समुद्र, आणि क्षितिजाला चिकटून पवनचक्क्यांचे मनोरे. चौसष्ट आहेत. हवा स्वच्छ असली की मोजता येतात.

"बाय, तुज्या त्या मनोऱ्यांनी आमची खडपां खाल्ली," आई म्हणाली.

"मनोरे नऊ किलोमीटर लांब आहेत, आई."

"आसूंदेत. दोन वर्सां झाली, जुन्या शिंपीर बी बसाक नाय."

कालवं काढताना वरची शिंप फोडून आतलं मांस तेवढं घेतात. खालची शिंप दगडाला तशीच ठेवायची, ती उपटायची नाही, हा वेळण्याच्या बायकांचा नियम आहे. पुढल्या वर्षीची टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं त्या जुन्या शिंपीवरच येऊन बसतात. त्यांनाच आई बी म्हणायची.

"आणि दगड पण बदललो," ती म्हणाली. "पयलो टाचेक मऊ लागायचो. आता काचेसारको लागता."

मी फोन काढला आणि तिला आलेख दाखवला. वेळण्याच्या खडपावरून सव्वीस महिन्यांत घेतलेले सव्वीस नमुने. मनोऱ्यांवर शेवाळ-शिंपले चढू नयेत म्हणून आमच्या संस्थेने लावलेल्या जीवाणूचं प्रमाण सगळ्यांत शून्य. तिने हात पुसून फोन लांब धरला आणि डोळे बारीक केले.

"ह्या बगूक किती वाजता गेललंस?"

"दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. सकाळी अकराला."

"अकराक?" तिला हसू आवरेना. "अकराक थय काय बगलंस, कपाळ? तेवा दगड खय वर आसतत? मासे मोजूक गेललंस काय गो?"

मला राग आला. "आई, हे आमचं काम आहे. नमुना लागतो. नुसतं टाचेला वेगळं लागतं म्हणून कुणी ऐकत नाही."

"नमुनो," ती म्हणाली. एखाद्या नव्या माशाचं नाव ऐकावं तसं. "बरा."

चारच्या एसटीने मी निघाले. ती थांब्यापर्यंत आली नाही. धार अर्धीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. संध्याकाळच्या ओहोटीला आई एकटी भायल्या, म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या, खडपावर गेली. ते खडप फक्त उधाणाच्या मोठ्या ओहोटीत तासाभरासाठी उघडं पडतं. तिथे आता काही मिळत नाही म्हणून बाकीच्या बायकांनी जाणं सोडलं होतं. पाणी चढलं तरी ती परतली नाही. सकाळी होडीवाल्यांना दोन दगडांच्या मधल्या फटीत सापडली. पाय घसरला असावा, असं सगळे म्हणाले. कमरेच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले तीन दगड होते. कालव एकही नव्हतं.

दिवसकार्य उरकल्यावर शेजारची भागूकाकी एक झाकलेली बादली घेऊन आली. भागूकाकी म्हणजे आईची जोडीदारीण. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी वेळण्यात आल्या आणि एकाच वर्षी खडपावर गेल्या. बादलीत समुद्राचं पाणी होतं आणि ते तीन दगड.

"रोज पाणी बदलतंय," ती म्हणाली. "सावलीत ठेवलंय. मराक नाय देवक."

"कशासाठी, काकी?"

"कशाक म्हणान काय इचारतंस? ती सांगान गेलली माका. बायक नमुनो होयो, म्हणाली."

मी बादली घेतली. दुसऱ्या दिवशी ती मांडीवर धरून रत्नागिरीला, प्रयोगशाळेत नेली.

समुद्रात कुठलीही नवी वस्तू टाकली, लोखंड, काच, काँक्रीट, की ती फार वेळ कोरी राहत नाही. पहिल्या काही मिनिटांतच पाण्यातले प्रथिनांचे आणि शर्करेचे रेणू तिच्यावर चढतात. काही तासांत जीवाणू येतात, चिकट द्रव सोडतात आणि त्यातच वस्ती करतात. या बुळबुळीत, केसाहूनही पातळ थराला जैवपटल म्हणतात. त्यानंतर सूक्ष्म शैवाल, मग हिरवी आणि तांबडी शेवाळं, शेवटी कवचवाले जीव. कालवांची पिल्लं पाण्यात तरंगत येतात, पण दिसेल तिथे बसत नाहीत. जैवपटलातून सुटणारी रसायनं त्यांना कळतात. जागा राहण्याजोगी आहे की नाही, हे त्यांना तो थर सांगतो.

मनोऱ्यांना हीच वस्ती नको असते. तीन वर्षांत पायांवर वीतभर जाडीचं कवच चढतं, लाटांचा मार वाढतो, आणि सांध्यांना गेलेले तडे त्याखाली दिसेनासे होतात. पूर्वी त्यावर तांब्याचा विषारी रंग लावत. मी सहा वर्षं खपून त्याला पर्याय शोधला. आमच्या लेपात जिवंत जीवाणू असतात. ते सगळ्यांच्या आधी जागा व्यापतात आणि सतत एक रसायन सोडत राहतात. ते कुणाला मारत नाही. जागा भरली आहे, एवढंच येणाऱ्याला कळवतं. लेपाचं नाव आम्ही 'पहारा' ठेवलं. जीवाणूने लेप सोडून पळू नये म्हणून त्याला एक अॅमिनो आम्ल तयार करता येणार नाही असा बदलही केला होता. ते आम्ल फक्त लेपात मिळायचं. लेपाबाहेर पडलेला जीवाणू दोन दिवसांत मरतो, हे आम्ही प्रयोगशाळेत शंभर वेळा पाहिलं होतं.

आईच्या तिन्ही दगडांवर पहारा होता. जिवंत, आणि वाढणारा.

कारण सापडायला मला तीन आठवडे लागले. प्रयोगशाळेत आम्ही त्याला गाळलेल्या, निर्जंतुक पाण्यात एकटं ठेवलं होतं. समुद्रात एकटं कुणी नसतं. खडपावरच्या जैवपटलात शेकडो जातींचे जीवाणू दाटीवाटीने राहतात आणि एकाच्या पेशीतून पाझरलेलं दुसऱ्याच्या कामी येतं. आमच्या जीवाणूला हवं असलेलं आम्ल शेजाऱ्यांकडून आयतं मिळत होतं. अट एकच, दगड फार वेळ सुकता कामा नये. वरच्या दगडांवर उन्हात तो मरायचा. खालच्या दगडांवर, जिथे कालवं असतात, तिथे तो मजेत होता.

आणि खालचे दगड आम्ही कधी पाहिलेच नव्हते. उधाणाची मोठी ओहोटी आमच्या किनाऱ्यावर नेहमी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला येते. अमावस्येला आणि पौर्णिमेला सकाळी अकरा वाजता भरती असते. अष्टमीच्या आसपास अकराला ओहोटी मिळते, पण ती भांगाची, उथळ. तिच्यात वरचे दगड तेवढे बाहेर येतात. कालवांचे दगड अकरा वाजता कधीच उघडे पडत नाहीत. शंभर वर्षं दर सोमवारी तिथे जाऊन उभं राहिलं तरी नाही.

डॉ. दाभाडे आमचे प्रमुख. आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी माझे निष्कर्ष दोनदा वाचले.

"हे तीन नमुने कुणी घेतले?"

"एका स्थानिक महिलेने."

"निर्जंतुक भांड्यात?"

"ओल्या फडक्यात. नंतर दोन आठवडे बादलीत."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रणिता, हे मी कुठे मांडू? फाल्गुनात दुसऱ्या टप्प्याची जनसुनावणी आहे. आणखी एकशेचाळीस मनोरे. आपल्या लेपाच्या भरवशावर."

"म्हणूनच आधी सांगतेय."

"तुझी आई नुकतीच गेली. थोडे दिवस सुट्टी घे." ऑफिसात सगळ्यांना आई पाय घसरून पाण्यात पडली, एवढंच माहीत होतं. ती तिथे काय करत होती, हे कुणी विचारलं नाही.

"सुट्टी नको, सर. गाडी द्या. पहाटेची आणि संध्याकाळची."

त्यांनी जुना आलेख पुढे ओढला. "अकराची वेळ कुणी ठरवली होती?"

"मी."

"बरोबर आहे. इथून गाडी सातला निघते आणि संध्याकाळी पाचला परत यावी लागते, त्या वेळा जमणार कशा? त्यात तुझा दोष नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पुरेसे नमुने आण. नीट, क्रमांक घालून. आणलेस तर मी मागे उभा राहीन. नाही आणलेस तर सुनावणीत जुनाच आलेख दाखवायचा. आणि एक लक्षात ठेव, लेपाच्या शोधावर पहिलं नाव तुझं आहे. हे निघालं तर पहिली जाशील ती तू."

"माहीत आहे."

पुढचे दोन महिने मी पंचांग पाहून जगले. अमावस्या आणि पौर्णिमा, त्यांच्या पुढचे मागचे दोन दोन दिवस. वेळणे धरून सहा गावांची खडपं. भागूकाकी प्रत्येक वेळी बरोबर. पहिल्या दिवशी मी खडपावर बसायला गेले आणि मांड्या लगेच भरून आल्या.

"इतकी शिकलंस," काकी म्हणाली, "पण उकिडवा बसाक इसारलंस."

"काकी, माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"येवंदेत. मुंगयेक पण खयतरी जावचा आसता."

नमुने घेण्याची पद्धत तिच्याचमुळे ठरली. काकी चप्पल काढायची आणि एकेका दगडावर टाच घासायची. डोळे समुद्राकडे, सगळं लक्ष पायात. मग म्हणायची, "हो दगड आजारी," किंवा "हो बरो आसा." मी तिचं उत्तर वहीत लिहून घ्यायचे, दगडाला क्रमांक द्यायचे आणि खरवडून नमुना बाटलीत भरायचे. प्रयोगशाळेत तपासणाऱ्या मुलीला काकीचं उत्तर दाखवायचं नाही, असा नियम मी केला होता. नव्वद दगडांपैकी शहाऐंशी दगडांवर काकीची टाच आणि आमचं यंत्र यांचं एकमत झालं. उरलेल्या चारांपैकी दोन मी पुन्हा तपासले. तिथे यंत्र चुकलं होतं.

मी हे काकीला सांगितलं. तिला त्यात विशेष वाटलं नाही. "तुज्या आवशीची टाच माज्यापेक्षा बरी," ती म्हणाली.

बाहेर जाऊ तसे आजारी दगड वाढत होते. भायल्या खडपावर एकही बरा दगड नव्हता. त्या फटीपाशी आलो तेव्हा काकी पुढे झाली आणि दुसरीकडे जाऊया म्हणाली. मी नाही म्हटलं. तिथले सहा नमुने घेतले. खडक खरोखर काचेसारखा होता. हाताने आधार घेतल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. त्या दिवशी बाटल्यांवरचे क्रमांक मी फार सावकाश लिहिले.

परतताना काकीने विचारलं, "मनोरे बंद जातले?" तिचा मुलगा सिद्धेश मनोऱ्यांच्या देखभालीच्या बोटीवर होता. घर त्याच्यावर चालत होतं.

"मनोरे नाही. लेप काढावा लागेल. नवीन मनोऱ्यांना लावायचा नाही. मग पाणबुड्यांनी हाताने खरवडायचं, पूर्वीसारखं."

"म्हंजे माज्या झिलाचा काम वाढतला." ती खूश झाली, आणि लगेच थांबली. "आणि तुजा?"

"माझं जाईल."

"जावंदे. खडपार ये माज्यावांगडा." ती हसली, मग हसता हसता माझ्याकडे पाहिलं. "पण बाय, एक इचारू? ल्हान आसताना आवशीवांगडा खडपार येत व्हतंस ना सुकतेक? अकराक पाणी आसता, ह्या तुका म्हायत नाय व्हता?"

मी बाटलीचं झाकण घट्ट केलं. आधीच घट्ट होतं. काकी पिशवी उचलून पुढे चालू लागली.

माघ संपता संपता मी दाभाड्यांपुढे एकशेवीस पानांचा अहवाल ठेवला. ते तीन दिवसांनी माझ्या खोलीत आले. "मी सही केली आहे," ते म्हणाले. "वेळेबद्दलचं पत्रही जोडलंय. वाहनाची अडचण, एवढंच. कुणी विचारलं तर तेच सांग."

जनसुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. मंचावर जिल्ह्याच्या अधिकारी बाई. पुढच्या रांगांत कंपनीचे लोक, मागे सहा गावांच्या बायका. भागूकाकीने ठेवणीतली साडी नेसली होती आणि पाय खुर्चीवर घेऊन बसली होती.

मी दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवले. अकराचा आणि पाचचा. काकीच्या टाचेबद्दल सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतले काही जण हसले, मागच्या रांगेतलं कुणी हसलं नाही. जैवपटलातल्या शेजारधर्माबद्दल सांगितलं. दुसऱ्या टप्प्यात 'पहारा' वापरू नये आणि पहिल्या चौसष्ट मनोऱ्यांवरून तो काढावा, अशी शिफारस मी स्वतः शोधलेल्या लेपाविरुद्ध केली. दहा वर्षांनंतर इथल्या खडपांवर कालवं असतील की नसतील, ते आजच्या निर्णयावर अवलंबून आहे, असं म्हणून मी थांबले.

कंपनीचे वकील उठले. तरुण होते, अभ्यास करून आले होते.

"मॅडम, सव्वीस महिने तुम्ही आम्हाला शून्य सांगितलंत. आज बाहेरच्या खडपावर शंभर टक्के सांगताय. आम्ही कुठल्या मॅडमवर विश्वास ठेवायचा?"

"आकड्यांवर ठेवा. वेळ चुकीची होती, ती सुधारली."

"चुकीची?" त्यांनी एक पान वर धरलं. "हा तुमचाच पहिला अहवाल. 'नमुन्यांची वेळ शास्त्रीय निकषांवर निश्चित करण्यात आली.' खाली तुमची सही. मग तेव्हाचे निकष शास्त्रीय की आताचे? हवं ते उत्तर मिळेपर्यंत घड्याळ बदलत राहायचं, असा याचा अर्थ कुणी लावला तर?"

सभागृहात कुजबुज झाली. अधिकारी बाईंनी हात वर केला. "प्रश्न योग्य आहे. पहिली वेळ कुठल्या कारणाने ठरली, ते नोंदीत यायला हवं. ती शास्त्रीय असेल तर नवे आकडे बाजूला ठेवून मला तिसऱ्या संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागेल. त्याला दोन वर्षं जातील. तोवर जुन्या आकड्यांवर काम सुरू होईल. संस्थेच्या पत्रात वाहनाची अडचण म्हटलंय."

"वाहनाची अडचण होती तर आज गाडी कुठून आली?" वकील म्हणाले.

शेजारी बसलेले दाभाडे पुटपुटले, "गाडीच सांग. बाकी मी बघतो."

गाडी मागितली असती तर पहिल्या दिवशीही मिळाली असती. मी मागितली नव्हती.

मी ध्वनिक्षेपक जवळ घेतला. मागे काकीने पाय खाली सोडले.

"निकष शास्त्रीय नव्हते," मी म्हटलं. "ते वाक्य खोटं आहे आणि ते मी लिहिलंय. गाडीचीही अडचण नव्हती. माझं नाव प्रणिता कोयंडे. मी वेळण्याची. मोठी ओहोटी कधी येते, ते मला सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे."

अधिकारी बाईंनी लेखनिकाला लिहून घ्यायची खूण केली. "मग अकरा का?"

"पाच वाजता खडपावर बायका असतात. साडी वर खोचून, चिखलात, कालवं फोडत बसलेल्या. त्यांच्यात माझी आई असायची. सत्यवती कोयंडे. माझ्याबरोबर संस्थेतले चार जण येणार होते. तिने मला हाक मारली असती. ती मारायचीच, लांबून, मोठ्याने." लेखनिक मान वर करून माझ्याकडे पाहत होता. "त्यांना ती दिसू नये म्हणून मी अकराची वेळ ठरवली. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. लिहून घ्या. मला माझ्या आईची लाज वाटत होती."